धन्यवाद, जानराव

प्रसेनजित सरकटे सरांच्या प्रबंधाचं नाव एका दमात म्हणून दाखवील असा माणूस अख्ख्या रिसोड तालुक्यात एकच होता, आणि तो म्हणजे स्वतः सरकटे सर. ‘ग्रामीण भागातील उच्च शिक्षण संस्थांमधील डिजिटल तंत्रज्ञानाचा स्वीकार आणि विदा व्यवस्थापन : एक चिकित्सक अभ्यास.’ त्यांच्या पत्नी धम्मदीपा या सगळ्याला नुसतं ‘ते’ म्हणत. “ते कुठवर आलं?” शेजारच्या रुपाबाई आडे ‘सरची मोठी परीक्षा’ म्हणत, आणि कॉलेजचा शिपाई देवानंद ‘सरचं दुखनं’. विदा म्हणजे डेटा. पण सर हा शब्द इतक्या मायेनं उच्चारत, की पहिल्या वर्षाच्या निम्म्या पोरांना विदा ही सरांच्या नात्यातली कोणी बाई वाटे.

दुखणं बरं व्हायची चिन्हं नव्हती. अमरावतीचे मार्गदर्शक दर भेटीत प्रकरणं चाळत आणि चष्म्यावरून बघत. शेवटी ते म्हणाले, “सरकटे, पुस्तकातून पुस्तक किती दिवस काढाल? एखादं तंत्रज्ञान प्रत्यक्ष बसवा, चालवा, काय होतं ते बघा. मग लिहा.” सरांना ते पटलं. परत येताना एसटीत खिडकीला डोकं टेकवून त्यांनी ठरवून टाकलं, की आपल्या कॉलेजात चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र बसवायचं.

प्राचार्य उदयसिंग राठोड हे सावध गृहस्थ. चहासुद्धा ते आधी बशीत ओतून, बशीकडे जरा वेळ संशयानं बघून मग पीत. त्यांनी परवानगी दिली, पण कशी? “बसवा सर. मी नाई म्हनत नाई. पन काही झालं तं तुमी जाना अन् तुमचं मशीन जाने. मी तं त्या दिवशी सुट्टीवर होतो असंच धरा.”

“यंत्र चूक करत नाही, सर,” सरकटे म्हणाले. “चूक माणूस करतो.”

हे वाक्य त्यांनी पुढं प्रबंधातही घातलं. नंतर काढलं.

आता जागेचं बघा. कॉलेज मोठं, पण वीज भरवशानं येईल अशी एकच जागा, ग्रंथालयाकडे जाणारा बोळ. बोळ लांबट, उन्हाळ्यातही गार, आणि दिवसाढवळ्या पिवळा दिवा लावावा लागे असा. त्याच्या टोकाला, ग्रंथालयाच्या दाराशी, करण नावाच्या अकोल्याच्या तंत्रज्ञ पोरानं ते यंत्र भिंतीत ठोकून दिलं. ताटाएवढी काळी काच आणि भोवती पांढऱ्या उजेडाचं कडं. माणूस समोर आला की कडं पेटे, काचेत त्याचा चेहरा उमटे आणि आतली बाई बोले. आवाज गोड होता, पण मराठी शिकलेल्या बाईचा नव्हे, पाठ केलेल्या बाईचा. ‘धन्यवाद,’ म्हणे. मग श्वास घेतल्यासारखी थांबे. मग नाव घेई. यंत्राला श्वास कशाला लागतो, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

उद्घाटन थंडीतल्या सकाळी झालं. बाहेर तुरीच्या वावरांवर धुकं इतकं उतरलं होतं, की फाटकापासलं बोरीचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. प्राचार्य आधी उभे राहिले. ‘धन्यवाद... उदयसिंग.’ टाळ्या. प्राचार्य एवढे हरखले की पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा नाव घेऊन आले. मग देवानंद. ‘धन्यवाद... देवानंद.’ “माह्या बायकोनंबी एवढ्या प्रेमानं नाव नाई घेतलं कधी,” तो म्हणाला. मग सरकटे सर पुढं झाले. सदरा सारखा केला, हनुवटी वर केली. कडं पेटलं.

‘धन्यवाद,’ बाई म्हणाली, आणि या खेपेला जरा जास्त वेळ थांबली. ‘जानराव.’

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

जानराव खिल्लारे हे या कॉलेजचे ग्रंथपाल. होते. मागल्या वर्षी याच दारामागं, खुर्चीत बसल्या बसल्या, मांडीवर वर्तमानपत्र घेऊन ते गेले. पोरं दुपारपर्यंत समोर वाचत बसली होती. त्यांना वाटलं, झोपले. उठवलं कोणी नाही, कारण ग्रंथालयात बोलायचं नाही हा जानरावांचाच नियम होता.

“सर,” देवानंद हळूच म्हणाला, “ते मशीन तुमाले पाहून नाई बोल्लं. तुमच्या मागं पाहून बोल्लं.”

सगळ्यांनी सरांच्या मागं पाहिलं. मागं बोळ होता, आणि त्याच्या तोंडाशी धुकं.

सरकटे सर विज्ञाननिष्ठ. विहारात पौर्णिमेच्या कार्यक्रमात ‘अंधश्रद्धा आणि आपण’ यावर ते नेमानं बोलत, आणि मागच्या रांगेत झोपलेल्यांनाही विवेकाची कास धरायला लावत. त्यांनी जागच्या जागी खुलासा केला. यंत्रात फोटो त्यांनीच भरले होते. ऑफिसच्या जुन्या संगणकातले सगळे एकगठ्ठा उचलून. त्यात कैलासवासी, निवृत्त, बदलून गेलेले, सगळे होते. गाळायचे राहिले. विदा व्यवस्थापनाच्या अभ्यासकाकडून विदा साफ करायची राहिली, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो त्यांनी सभेत मोठ्यानं सांगितला नाही.

“ते समजलं,” प्राचार्य म्हणाले. “पन तुमाले जानराव काहून म्हनते? तुमी तं त्याईच्यासारखे दिसत नाई.”

खरंच दिसत नव्हते. जानराव काटकुळे, उंच, झुपकेदार मिशांचे, साठीला टेकलेले. सरकटे चाळिशीच्या आतले, गोल, गुळगुळीत. करणला अकोल्याला फोन लावला. तो म्हणाला, “सर, मशीन मिशा नाई पाहत. ते हाडं पाहते. डोळ्यातलं अंतर, जबडा, कपाळ. मिशा, चरबी हे सगळं वरचं हाय. आतून तुमी अन् ते एकच दिसून राह्यले त्याले.”

‘आतून’ हा शब्द सरांना अजिबात आवडला नाही.

पुढच्या सकाळी ते चष्मा काढून उभे राहिले. जानराव. केसांचा भांग उजवीकडे पाडला. जानराव. गालफडं फुगवली, एक डोळा बारीक केला, एकदा तर प्राचार्यांची टोपी घालून गेले. दर खेपेला बाई तेवढीच थांबे आणि तेवढ्याच खात्रीनं म्हणे, ‘जानराव.’ नवा फोटो नोंदवायला गेले तर काचेवर अक्षरं आली : ‘हा चेहरा आधीच नोंदलेला आहे.’ जानरावांची नोंद काढायला गेले तर : ‘कर्मचारी सध्या हजर आहे. हजर कर्मचाऱ्याची नोंद काढता येत नाही.’

“मंग तुमी काही दिवस येऊ नका,” प्राचार्यांनी तोडगा काढला. “जानराव गैरहजर पडले की काढून टाकू.”

“मी आलो नाही तर मी गैरहजर पडेन, सर.”

“तुमी तं आत्ताबी गैरहजरच हाय.” प्राचार्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला आणि संकोचानं पुढं केला. आपण यंत्र कार्यान्वित झाल्यापासून विनापरवानगी गैरहजर आहात, तरी खुलासा करावा. “वरच्या ऑफिसात रोज संध्याकाळी मशीनमधून जाते सगळं. मी तरी काय करू? सही करा घेतल्याची.”

सरांनी आपण गैरहजर असल्याच्या कागदावर स्वतः हजर राहून सही केली. “गैरहजर माणसाची सही चालते का पण?” त्यांनी कडवटपणे विचारलं.

“सही चालते,” प्राचार्य म्हणाले. “मानूस नाई चालत.”

गावात बातमी पसरायला काय लागतं? रुपाबाईंनी कुंपणावरूनच गाठलं. “सर, पोहरादेवीले जाऊन या. मी नवस बोलतो तुमच्यासाठी.”

“रुपाबाई, हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे.”

“असू द्या ना. तिथं सगळेच येते.”

कोणी म्हणालं दाढी ठेवा, कोणी म्हणालं जानरावांच्या नावानं भोजनदान द्या, आणि एका सहकाऱ्यानं तर फार शांतपणे सुचवलं की नाव बदलून जानराव करून घ्या, गॅझेटमध्ये छापून आलं की मिटलं. पण सरांना खरा घोर दुसराच होता. यंत्र चुकलं म्हणावं, तर प्रबंधाचा पायाच निखळतो. यंत्र बरोबर म्हणावं, तर आपण कोण?

आणि इथून गोष्टीला जरा वेगळं वळण लागतं. आधी ज्यांना साम्य दिसत नव्हतं त्यांना ते दिसायला लागलं. “आता म्हनता म्हनता दिसते बरं,” देवानंद बाजूनं निरखून म्हणाला. “कपाळात हाय. अन् चालन्यातबी.” पोरं वर्गात नको तितकी गप्प बसू लागली. आणि एक दिवस, गलका चाललेल्या स्टाफरूमच्या दारात उभं राहून सरकटे सर टाळूला जीभ लावून, लांब, बारीक आवाजात म्हणाले, “श्शू... शांतता.” गलका एकदम थांबला. वीस वर्षं जानराव हेच, असंच म्हणत. सरांनी तोंडावर हात ठेवला. ते असं कधी म्हणाले नव्हते. निदान त्यांना तरी आठवत नव्हतं.

घरी जेवताना धम्मदीपा त्यांच्याकडे टक लावून बघत.

“काय झालं?”

“काही नाही. तुम्ही कानाची पाळी ओढत जेवता, हे मला इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं.”

सरांनी हात पाहिला. तो कानाशी होता. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला आणि उरलेली भाकर एका हातानं कशीबशी मोडली. एरवी भाकर ते एकाच हातानं मोडत, पण त्या दिवशी तेच अवघड गेलं.

ग्रंथालयात तर ते जायचेच थांबले होते. एकदा एका पोरीनं कुठलंसं पुस्तक मागितलं आणि सर न बघता तिसऱ्या कपाटाशी गेले, खालच्या फळीच्या कोपऱ्यात हात घातला, आणि तेच पुस्तक बाहेर आलं. पोरगी “थँक्यू सर” म्हणून गेली. सर कपाटाला पाठ लावून बराच वेळ उभे होते. त्या पुस्तकाचं नावही त्यांनी त्याआधी ऐकलेलं नव्हतं.

अशात अंजनाबाई आल्या.

अंजनाबाई म्हणजे जानरावांच्या पत्नी. शिरपूरला राहत. त्यांची पेन्शन अचानक थांबली होती, म्हणून त्या चौकशीला आल्या. प्राचार्यांनी वरून आलेलं पत्र काढलं. सदर मयत इसम नियमितपणे कामावर हजर असल्याचे दिसून येते, तरी वस्तुस्थिती काय? प्राचार्यांनी ते वाचून दाखवलं आणि बशीतल्या चहाकडे बघत बसले.

अंजनाबाई चिडतील, रडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “रोज येते?”

“म्हंजे... मशीन म्हनते तसं, काकू.”

“वेळेवर येते?”

“अं... हो. वेळेवरच.”

“मले आयकू द्या.”

सरकटे सरांना बोलावणं गेलं. सर आले ते शरमेनं अर्धे झालेले. आपल्यामुळं एका विधवा बाईची पेन्शन थांबली, या एका गोष्टीचा त्यांनी इतका घोर घेतला होता की बाईंकडे बघवेना. ते यंत्रासमोर उभे राहिले. कडं पेटलं. अंजनाबाई बोळातल्या बाकड्याच्या कडेला बसल्या होत्या.

‘धन्यवाद... जानराव.’

बाईंनी पदर सारखा केला. एवढंच. जरा वेळानं उठल्या, “येतो मी,” म्हणाल्या आणि एसटीला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा बाकड्यावर होत्या. तिसऱ्याही. हातात पिशवी नाही, कागद नाही, तक्रार नाही. सरांची हजेरी झाली, नाव ऐकलं, की उठायचं आणि जायचं. कोणाला हटकायचा धीर होईना. देवानंद त्यांच्यासाठी बाकडं पुसून ठेवू लागला. आणि सरांची पंचाईत अशी, की आता त्यांना उशीर करता येईना. ते वेळेवर, इस्त्रीच्या कपड्यांत, स्वच्छ दाढी करून येऊ लागले. धम्मदीपा म्हणाल्या, “माझ्यासाठी तर कधी एवढे नटला नाहीत,” पण त्यांचा आवाज चेष्टेचा नव्हता. त्या सकाळी सर निघाले तेव्हा त्यांनी नवऱ्याचं मनगट जरा वेळ धरून ठेवलं, नाडी बघावी तसं.

“धम्मदीपा, मी मीच आहे,” सर म्हणाले.

“ते माहीत आहे. पण एकदा नाव सांगा ना.”

सरांनी नाव सांगितलं. बरोबर सांगितलं. पण सांगायच्या आधी ते थांबले होते, श्वास घेतल्यासारखे, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

त्याच दिवशी त्यांनी करणला अकोल्याहून बोलावून घेतलं. प्रबंध गेला खड्ड्यात. त्यांना आपलं नाव परत पाहिजे होतं.

करणनं दुपारभर यंत्र उघडून, झाकून, पुन्हा उघडून बघितलं आणि एक वाट सापडली म्हणाला. “स्वेच्छेनं नोंद काढनं, असा ऑप्शन हाय यात. पन ज्याची नोंद काढाची तो मानूस सोता समोर उभा पाह्यजे. मशीन त्याले विचारते. त्यानं हो म्हनलं की संपलं.”

“ज्याची नोंद काढायची तो माणूस वारला आहे,” सर म्हणाले.

“तुमी हाय ना.”

प्राचार्यांना हे रीतसर वाटेना. मयत कर्मचाऱ्यानं स्वेच्छेनं जायचं तर निदान त्याच्या घरचं माणूस साक्षीला हवं, उद्या वरून विचारलं तर? म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं, अंजनाबाई बाकड्यावर असतील तेव्हा. त्यांना सगळं समजावून सांगितलं. नोंद निघाली की पेन्शन सुरू होईल. त्यांनी ऐकून घेतलं.

पुन्हा धुकं होतं. बोळाच्या तोंडाशी ते कापसासारखं दाटलं होतं आणि आत यायला टपलेलं दिसत होतं. सर उभे राहिले. कडं पेटलं. करणनं बाजूनं कळा दाबल्या, आणि बाई म्हणाली,

‘जानराव. आपली नोंद कायमची काढण्यात येत आहे. संमती असल्यास डोळे मिटा.’

हे इतकं सरळ कोणी अपेक्षिलं नव्हतं. देवानंद दोन पावलं मागं सरला. प्राचार्यांनी त्याचा खांदा धरला, त्याला धीर द्यायला की स्वतःला, कोण जाणे. सर डोळे मिटणार, एवढ्यात अंजनाबाई उठल्या.

“थांबा. मले त्याईच्याशी बोलाचं हाय.”

त्या येऊन सरांच्या बाजूला उभ्या राहिल्या. पण बघत होत्या काचेकडे, जिथं सरांचा चेहरा होता आणि खाली जानरावांचं नाव.

“त्या दिवशी मी नळावर होती,” त्या म्हणाल्या. आवाज रोजच्या बोलण्याचा. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलावं तसा. “घरात आली तं तुमी निंघून गेले होते. तुमी सांगून गेल्याबिगर कधी उंबरठा वलांडला नाई. मंग त्या दिवशी सांगतलं का नाई? नळाच्या धारेत मले आयकू नाई आलं का तुमी बोल्लेच नाई? सालभर मी एवढंच इचारून राह्यली स्वतःले. जायाचं तं जा. पन सांगून जा.”

करणचा हात कळांवर तसाच. सरकटे सरांच्या मनात विहारातली सगळी भाषणं येऊन गेली. एका दुःखी बाईशी खोटं बोलणं बरं नाही, हे एक. आणि मेलेल्या माणसाच्या वतीनं बोलायचा आपल्याला काय अधिकार, हे दुसरं. ते म्हणणार होते, “काकू, मी जानराव नाही.” तोंड त्यांनी त्याचसाठी उघडलं होतं. शपथेवर सांगतात ते, आजही.

“येतो वं, अंजे,” ते म्हणाले.

आवाज जरा घोगरा, लांबून आल्यासारखा. सरकटे सर अमरावतीच्या हॉस्टेलात राहून बोली सोडलेले गृहस्थ. ‘वं’ त्यांच्या तोंडून बायकोनंही ऐकला नव्हता. पण तो एक वेळ जाऊ द्या. अंजनाबाईंनी झटकन मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. कॉलेजात त्यांना सगळे काकू म्हणत, गावात अंजनाबाई. ‘अंजे’ म्हणणारं माणूस या जगात एकच होतं, आणि तेही चारचौघांत कधी म्हणालं नव्हतं.

बाईंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. “या,” म्हणाल्या. “सांबाळून जा.”

सरांनी डोळे मिटले.

किती वेळ मिटून होते कोणाला सांगता येत नाही. उघडले तेव्हा कडं विझलं होतं आणि काचेत कोणीच नव्हतं, म्हणजे सरांचा चेहराही नव्हता. ते समोरच उभे होते आणि काच काळी होती. करणनं घाईघाईनं कळा दाबल्या, कडं पुन्हा पेटलं, नवा फोटो घेतला, आणि बाई म्हणाली, ‘धन्यवाद... प्रसेनजित.’ तेव्हा कुठं सगळ्यांनी श्वास सोडला. सरकटे सर भिंतीला टेकून खाली बसले आणि भर बोळात, सगळ्यांदेखत, ढसाढसा रडले. दुःख झालं म्हणून नव्हे. त्यांना आपल्या नावाची इतकी आठवण आली होती, हे तेव्हा कळलं.

पुढचं सगळं रांगेनं झालं. वर खुलासा गेला. गैरहजेरीचा कागद मागं घेतला. अंजनाबाईंची पेन्शन अडकल्या महिन्यांसकट सुटली. मार्गदर्शकांनी प्रकरण वाचून “आता कुठे तुम्ही संशोधन करता असं वाटतं” असं लिहिलं. कानाची पाळी ओढायची सवयही गेली. धम्मदीपांनी बरेच दिवस जेवताना पाळत ठेवून खात्री करून घेतली. रुपाबाई म्हणाल्या, मी गुपचूप नवस बोललीच होती, आता फेडायला तुम्हीच नेऊन आणा. आणि विज्ञाननिष्ठ सरकटे सर त्यांना मुकाट्यानं जीपमध्ये बसवून पोहरादेवीला घेऊन गेले. आत गेले नाहीत. बाहेर चप्पल राखत उभे राहिले.

पण नोंद काढली त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ सांगायची राहिली.

त्या सकाळी सर कॉलेजात शिरले तर अंजनाबाई बाकड्यावर. देवानंद बोळाच्या तोंडाशी हात चोळत उभा. “मी सांगतलं त्याईले, नाव काढलं म्हनून,” तो कुजबुजला. “तं म्हनते, मालूम हाय.”

सर जवळ जाऊन उकिडवे बसले. “काकू, आता यंत्र ते नाव घेणार नाही. आपण काल काढलं ना?”

“व्हय,” अंजनाबाई म्हणाल्या. “पन ते ‘येतो’ म्हनाले ना?”

सर म्हणणार होते, अहो, ती म्हणायची पद्धत असते. ‘जातो’ म्हणू नये म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो. त्याचा अर्थ तसा नसतो. हे सगळं त्यांना माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं. भाषा जन्माला आल्यापासून सगळ्यांनाच माहीत आहे. तरी ते त्यांच्या तोंडून बाहेर पडेना, कारण काल ते शब्द त्यांच्याच तोंडून बाहेर पडले होते, आणि ते कोणाचे होते याचा खुलासा त्यांच्याकडे नव्हता. ते उठून देवानंदाशेजारी जाऊन उभे राहिले. यंत्रापासून चांगले लांब. बोळ रिकामा होता.

कडं पेटलं.

समोर कोणी नव्हतं. काचेत भिंत दिसत होती, भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

‘धन्यवाद,’ बाई म्हणाली.

आणि थांबली. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ थांबली, घ्यायला नाव सापडू नये तशी. मग काहीच न बोलता कडं विझलं.

“किडं-पाखरू असन,” देवानंद म्हणाला. “नाई का हो सर? उजेडावर येते ते.”

अंजनाबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. पदर सारखा केला आणि मान जरा वळवून, चिडल्यासारखं पण मायेनं म्हणाल्या, “चाला. लय येळ लावला.”

त्या सरांच्या जवळून गेल्या, फाटकाबाहेर पडल्या, शिरपूरच्या एसटीच्या दिशेनं चालू लागल्या. रस्ता सगळा मोकळा होता. ना बैलगाडी, ना मोटारसायकल. तरी त्या अगदी कडेकडेनं, तुरीला पदर घासत चालल्या होत्या. बाजूनं कोणी चालत असलं, की आपण त्याला जागा देतो ना, तशा.